सक्तीची वार्षिक उचल (अमेरिका)

पारंपरिक आयआरए, ४०१(के) अशा करसवलतीच्या निवृत्तिखात्यांतून उतारवयात दरवर्षी काढावीच लागणारी किमान रक्कम. १९५१ ते १९५९ दरम्यान जन्मलेल्यांना ती ७३व्या वर्षापासून लागू होते, त्यानंतर जन्मलेल्यांना ७५व्या. मागील ३१ डिसेंबरच्या शिलकीला आयुर्मानाच्या सरकारी तक्त्यातील आकड्याने भागतात. ७३व्या वर्षी तो आकडा २६.५, म्हणजे २,६५,००० डॉलरवर १०,००० डॉलर. पहिली उचल पुढच्या १ एप्रिलपर्यंत लांबवता येते, पण मग एकाच वर्षात दोन रकमांवर कर बसतो. बहुतेकांनी ते टाळलेलेच बरे. उचल राहिल्यास तुटीवर २५ टक्के दंड. २०२२ च्या कायद्यापूर्वी तो ५० टक्के होता. निवृत्तीनंतर पुण्या-मुंबईला परतलेल्या खातेदारांनाही हा नियम चुकत नाही. रॉथ आयआरए मात्र खातेदाराच्या हयातीत त्यातून मुक्त आहे.