स्टीव्हन्ससाहेब आणि रावसाहेब वैद्य

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी येथे केदारेश्वराच्या दर्शनास जाणारा यात्रेकरू मंदिराच्या बाह्यांगावरील सुरसुंदरींपुढे क्षणभर थबकल्याशिवाय राहत नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या अमदानीतील हे काम कोणाच्या छिन्नीचे, असा प्रश्न त्याच्या मनात आलाच, तर उत्तर देणारा सहसा भेटत नाही. देवाचे नाव राहते, राजाचे राहते. पाथरवटाचे राहत नाही. जुन्या काळची गोष्ट म्हणून आपण ती सोडून देतो. परंतु छापखाने, वर्तमानपत्रे आणि सरकारी दप्तरे यांची रेलचेल झालेल्या एकोणिसाव्या शतकात मुंबईसारख्या शहरीही असेच घडावे, हे मात्र विचार करण्याजोगे आहे.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. पुढल्याच वर्षी कावसजी दावर यांनी कापसाच्या पहिल्या गिरणीचा उपक्रम आरंभिला. 1861 ते 1865 या वर्षांत अमेरिकेत यादवी माजली, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस पुरवून मुंबईने अमाप पैसा मिळविला. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत किल्ल्याचा जुना तट पाडण्यात आला व मोकळ्या झालेल्या जागेवर नव्या इमारती उठू लागल्या. 1865 साली शेअरबाजार कोसळून अनेक सावकारांची दिवाळी निघाली. तथापि शहराची वाढ थांबली नाही.

अशा वेळी, 1867 साली, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स नावाचा अवघा वीस वर्षांचा इंग्रज तरुण हिंदुस्थानात उतरला. 1847 साली बाथ या गावी त्याचा जन्म झाला आणि तेथील शिल्पज्ञ चार्ल्स डेव्हिस यांच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली. येथे त्यास सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी मिळाली. आरंभी पुणे व मग मुंबई असा त्याचा प्रवास झाला. खलाशांसाठी बांधलेले रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम ही त्याची पहिली नावाजलेली कृती. ती 1876 मध्ये पुरी झाली. आज त्याच वास्तूत महाराष्ट्राच्या पोलीस महासंचालकांचे कार्यालय आहे.

यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने आपल्या मुख्य स्थानकाचे काम स्टीव्हन्ससाहेबांकडे सोपविले. युरोपातील मोठमोठी स्थानके प्रत्यक्ष पाहून ते परतले आणि 1878 साली बोरीबंदरावर काम सुरू झाले. दहा वर्षे चाललेल्या या बांधकामास सुमारे 16 लाख 14 हजार रुपये लागले. मधोमध दगडी घुमट, त्यावर प्रगतीची स्त्रीमूर्ती, दाराशी सिंह व वाघ. हे शिल्पकाम काही अंशी इंग्लंडातील थॉमस अर्प यांचे, तर पाने, फुले, पशुपक्षी यांचे पुष्कळसे कोरीवकाम सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे. 2004 साली युनेस्कोने ही इमारत जागतिक वारसा म्हणून मान्य केली. आज ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या नावाने ओळखली जाते.

स्थानकाचे काम चालू असतानाच, 1884 साली, स्टीव्हन्ससाहेबांनी सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन स्वतंत्र धंदा मांडला. हा त्यांच्या आयुष्यातील खरा वळणाचा प्रसंग होय. पगारी अधिकाऱ्यास पेन्शनची शाश्वती असते. धंदेवाईकास प्रत्येक गिऱ्हाईक मिळवावे लागते. पण कंपन्या, विमामंडळ्या, नगरपालिका यांस आपापल्या प्रतिष्ठेस साजेशी इमारत हवी होती, आणि ती देणारा माणूस त्यांना सापडला. बोरीबंदरासमोरील म्युनिसिपालिटीची इमारत 1893 मध्ये पूर्ण झाली. तिचा मनोरा 255 फूट उंच आहे. मंजूर रक्कम 11,88,082 रुपये असता प्रत्यक्ष खर्च 11,19,969 रुपये झाला. सार्वजनिक कामात पैसे वाचावेत, हे तेव्हाही विरळाच! पुढे चर्चगेटपाशी बी. बी. सी. आय. रेल्वेची कचेरी त्यांनी उठविली. ती 1899 साली पुरी झाली. पुढल्याच वर्षी, 5 मार्च 1900 रोजी, हिवतापाने मुंबईतच त्यांचा अंत झाला. त्यांचे पुत्र चार्ल्स यांनी हाच व्यवसाय पुढे चालविला.

इतके चरित्र कोणत्याही इंग्रजी ग्रंथात आढळते. परंतु शिल्पज्ञ कागदावर रेघा ओढतो. त्या रेघांचे दगड व्हावयास दुसरे हात लागतात. बोरीबंदरच्या कामावर साहाय्यक अभियंता होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आणि देखरेखीस होते एम. एम. जनार्दन. रोजचा दगड पारखणे, कमानीचा तोल सांभाळणे, नकाशातील इंग्रजी माप गवंड्यास त्याच्या भाषेत समजावून देणे, या कामांवाचून कोणताही नकाशा उभा राहत नाही. शहरातील अशा बांधकामांवर राबणारे कितीएक मजूर निजामाच्या मुलखातून पोटासाठी आलेले कामाठी होते. कामाठीपुरा हे नाव त्यांच्यावरूनच पडले. 1948 पर्यंत धर्मापुरीही त्याच निजामी राज्यात मोडत असे.

रावसाहेब वैद्य साहाय्यकपदावरच थांबले नाहीत. जमशेटजी टाटा यांनी समुद्रकाठी भव्य हॉटेल बांधावयाचे ठरविले, तेव्हा ताजमहाल हॉटेलाचा मूळ आराखडा वैद्य व डी. एन. मिर्झा या दोघांनी केला. काम शेवटास नेले ते डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी, आणि 16 डिसेंबर 1903 रोजी हॉटेल उघडले. या इमारतीविषयी एक आख्यायिका मात्र घरोघर पोहोचली आहे: ती म्हणे पाठमोरी बांधली गेली आणि हे पाहून तिच्या परदेशी शिल्पज्ञाने आत्महत्या केली! या कथेस कसलाही आधार नाही. जो परदेशी शिल्पज्ञ कधी नव्हताच, त्याच्या मरणाची हळहळ लोक करतात, आणि ज्या मराठी माणसाने आराखडा केला त्याचे नाव त्यांस ठाऊक नसते. विस्मृतीने रिकामी केलेली जागा दंतकथा कशी बळकावते, याचा हा नमुनाच होय.

यात स्टीव्हन्ससाहेबांचा दोष काढण्याचे कारण नाही. त्यांची बुद्धी व मेहनत खरी होती आणि त्यांचा मान त्यांस मिळालाच पाहिजे. पण मान ही काही वाटून कमी होणारी वस्तू नव्हे. बोरीबंदराच्या दर्शनी भागावर रेल्वेच्या धुरीणांच्या प्रतिमा दगडात कोरल्या आहेत. त्यांत नाना शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई हेही आहेत. धनिकांस दगड मिळाला; वैद्य व जनार्दन यांस निदान शब्द तरी मिळावेत. गाडीची वाट पाहताना घरातील एखाद्या मुलाने घुमटाकडे बोट करून "हे कोणी बांधले?" असे विचारले, तर वडीलधाऱ्यांनी एकाऐवजी तीन नावे सांगावीत, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत त्या पाथरवटांचीही आठवण द्यावी. केदारेश्वराच्या पाथरवटाचे ऋण फेडावयास आता फार उशीर झाला आहे; वैद्यांचे अजून फेडता येईल.