वाड्याची मागची बाजू



आपण वावर, जव्हार, मोखाड्याकडच्या बायका. मोठी खरेदी निघाली की त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक गाठतो. पुढच्या वेळी सराफ बाजारात किंवा भांडी बाजारात गेलात की एकदा दुकानाच्या पाटीच्या वर मान करून बघा. खाली शटर आणि ट्यूबलाईट असते, वर कुठे कुठे अजून लाकडी नक्षीचा सज्जा दिसतो. ते दुकान म्हणजे एका वाड्याचा पुढचा भाग. मागे अजून कुटुंबं राहत असतात, कधी एक, कधी दहा.

एका कुटुंबाच्या घराची अशी दुकानं आणि बिऱ्हाडं कशी झाली? त्याचं उत्तर वाड्याच्या बांधणीतच आहे.

वाड्याचा भार सागवानी खांबांवर असतो. दगडी जोतं, त्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, वर तुळया. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. आपण पोलक्याचा खण म्हणतो, तसाच घराचाही खण. जुनी माणसं खोली फुटांत सांगत नसत, "दोन खणी", "तीन खणी" म्हणत. छत खांबांनी पेललेलं, त्यामुळे मधली भिंत काढली किंवा नवी घातली तरी घर पडत नाही. रस्त्याकडच्या खणांची भिंत काढली की दुकान तयार, आतल्या दोन खणांना कुड घातला की एक बिऱ्हाड तयार.

घराची रचना मात्र पुढून मागे जाणारी होती. दिंडी दरवाजा, देवडी, मग चौक आणि ओसरी. ही पुरुषांची, पाहुण्यांची, हिशेबाची बाजू. त्यापुढे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची अंधारी खोली, आणि शेवटी परसू आणि आड. मोठ्या वाड्याला दोन-तीन चौक असत आणि आतला चौक बायकांचा. वाळवणं, निवडणं-टिपणं, मुलींच्या वेण्या, सगळं तिथेच. चौकातून खाली येणाऱ्या उजेडावर दिवस चाले. सूर्यास्ताआधी जेवण उरकणाऱ्या आपल्या घरांना त्या उजेडाची किंमत वेगळी सांगायला नको. आडाचंही तसंच. पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव त्याच आडात परत सोडायचे, हा आपला नियम. तो पाळायचा तर आड घरातच हवा. आड बुजवून नळ आला आणि ती रीत पाळणं अवघड झालं.

आता हिशेबाकडे येते. मी कॉमर्सची, त्यामुळे वाडा बघितला की मला आधी भाड्याची पावती आठवते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतर घरांची टंचाई होती, गरीब भाडेकरू रस्त्यावर येऊ नये हा हेतू चांगलाच होता. पण पुढची पन्नास वर्षं कौलं, चुना, सुताराची मजुरी सगळं वाढत गेलं आणि पावतीवरचा आकडा जवळपास तिथेच राहिला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही गोठलेली भाडी आता वाजवी राहिली नाहीत असं म्हटलं. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. मुळातच दहा-वीस रुपये असलेल्या भाड्यावर चार टक्के! एवढ्यात एक कौल तरी बदलून होईल का? मालक दुरुस्ती करेना, भाडेकरू हक्क सोडेना, आणि पाऊस कुणासाठी थांबेना. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात नेले. बाकीचे असे हळूहळू गेले.

काही वाडे जपलेही गेले. नाशिकचा सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधला. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा निघाली, १८७९ च्या आगीत बराच भाग जळाला, नंतर नगरपालिकेचा कारभार आला, पोस्टही आलं. पुढचा सज्जा आणि सुरूच्या आकाराचे खांब आजही बघत राहावेत असे आहेत.

पण जपायचं म्हणजे काय काय जपायचं? मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत कशाला सहसा हात लावू देत नाहीत. दुसऱ्या श्रेणीत समितीच्या देखरेखीखाली आतले बदल चालतात, तिसरीत आणखी सूट. इमारत वापरात राहावी तर असं करावंच लागतं, नाहीतर खर्च कोण करणार? दुकान आलं, फ्लॅट झाले म्हणून नाक मुरडू नये. दुकानाच्या भाड्यानेच कितीतरी वाडे उभे राहिले आहेत. पण परिणाम काय होतो बघा. दर्शनी सज्जा राहतो आणि माजघर जातं. पुरुषांची बाजू फोटोत येते, बायकांची बाजू मोडीत निघते.

पुण्याच्या बुधवार पेठेतला भिडेवाडा याचं सगळ्यात मोठं उदाहरण. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती या वाड्यात. तात्यासाहेब भिड्यांनी जागा दिली. तुम्ही-मी आज हे लिहितो-वाचतो त्याची एक मुळी तिथे आहे. पुढे तिथे दुकानं झाली. राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं, तेव्हा भूसंपादनाचा खटला वर्षानुवर्षं चालला. भाडेकरूंच्या पोटाचा प्रश्न होता, तोही खोटा नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाचा आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महापालिकेच्या बाजूने लागला. डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीला आलेला वाडा पाडला. स्मारक होईल, पण मुली ज्या खणात बसून पाटीवर पहिलं अक्षर गिरवत होत्या, तो खण गेला. विश्रामबागवाड्यासारखी नक्षी त्याला नव्हती. वेळेवर कुणी कौलं शाकारली नाहीत.

आपल्याकडच्या वारली घरांत कारवीच्या कुडावर लग्नाचा चौक सवाष्णी लिहितात. पाहुण्याला तो आतल्या भिंतीवरच बघायला मिळतो. म्हणजे घराचा खरा इतिहास मागेच असतो, हे पाड्यावरच्या बाईला ठाऊक आहे.

तेव्हा एवढं करा. माहेरच्या, सासरच्या, आजोळच्या जुन्या घराचा नकाशा वहीत काढा. देवघर कुठे, चूल कुठे, आड कुठे, पाणी कुठे गाळायचे, बाळंतिणी कुठे निजत. सासूबाई, आत्या, मावशी आहेत तोवर विचारून घ्या. विकायला काढलेल्या घराचे फोटो काढाल तर दरवाजाबरोबर स्वयंपाकघराचाही काढा. जागेचा सात-बारा घरच्या पुरुषांकडे असतो. त्या जागेत दिवस कसा जाई, हे तुमच्याशिवाय कुणी लिहिणार नाही.

जय जिनेंद्र.