काँक्रीटच्या ओट्याचे संरक्षण : लेपणे आणि मुरणे

घरापुढील उघड्या ओट्याचे ऊनपावसापासून रक्षण कसे करावे, हा प्रश्न काँक्रीटपेक्षा पुष्कळ जुना आहे. महाराष्ट्रातील मातीच्या ओट्यापुरते त्याचे उत्तर ‘सारवण’ हे होते. शेणमातीचा थर टिकाऊ नाही हे गृहीतच असल्यामुळे सारवणे ही पुनःपुन्हा करावयाची क्रिया ठरली. कोब्याची रीत याहून निराळी. चुना व विटांचे तुकडे यांचे मिश्रण चोपून घट्ट केले जाई. तेथे संरक्षण वरून न देता अंगातच भरले जाई.

जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात १९०४ मध्ये मद्रास येथे आणि १९१४ मध्ये पोरबंदर येथे त्याचे उत्पादन सुरू झाले. दगडासारख्या या द्रव्यास निराळ्या संरक्षणाची गरज नसावी, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः काँक्रीट सच्छिद्र असते. थंड देशांत छिद्रांतील पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते व पृष्ठभाग सुटू लागतो. कोकणात गोठण्याचे भय नाही, परंतु ओलीवर शेवाळ धरते.

लाकडावर उपयोगी पडलेला जवसाच्या तेलाचा रंग काँक्रीटवर मात्र फसला. तेल आणि अल्कली यांपासून साबण कसा बनतो, याचा उलगडा फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल याने १८२३ च्या आपल्या ग्रंथात केला होता. नव्या सिमेंटमधील चुना ओलीच्या साहाय्याने तेलावर हीच क्रिया करतो आणि रंगाचे पोपडे निघतात. पुढे विसाव्या शतकात आलेला एपॉक्सी लेप अल्कलीला दाद देत नाही. परंतु तो उन्हाने पिवळा पडतो, आणि जमिनीतून चढणारी ओल त्यालाही खालून उचलते.

दुसरी परंपरा मुरणाऱ्या द्रव्यांची होय. जर्मन रसायनज्ञ फुक्स याने १८१८ मध्ये सिद्ध केलेली जलकाच, म्हणजे विद्राव्य सिलिकेट, काँक्रीटमधील चुन्याशी संयोग पावून छिद्रांतच घट्ट होते. तिने पृष्ठभाग कठीण होतो व धूळ कमी सुटते. तथापि पाण्याचा पूर्ण प्रतिबंध होत नाही. त्यानंतरची सिलेन द्रव्ये छिद्रांच्या भिंतींना जलविरोधी करतात, पण छिद्रे मोकळी ठेवतात. त्यामुळे आतील बाष्पास वाट राहते.

सारांश, ‘सर्वांत चिवट लेप कोणता?’ हा मूळ प्रश्नच नव्हे. पाणी वरून येते की खालून, हे आधी ठरविले पाहिजे. खालून ओल चढणाऱ्या ओट्यास मुरणारे द्रव्यच हितकर. कोरड्या बैठकीवरील ओट्यास लेप चालेल, मात्र तो निसरडा होऊ नये म्हणून त्यात बारीक वाळू मिसळावी लागते. कोणतेही द्रव्य निवडले तरी कालांतराने ते पुन्हा द्यावेच लागते. संशयाची जागा दाखविताना मराठी माणूस ‘पाणी कोठे तरी मुरते आहे’ असे म्हणतो. ओट्याच्या बाबतीत तो वाक्प्रचार शब्दशः खरा आहे. आणि सारवणाऱ्या पिढ्यांना ठाऊक असलेली पुनरावृत्तीची आवश्यकता सिमेंटच्या युगातही संपलेली नाही.