दह्याचे नातेवाईक मासळीच्या घरी

जोगेश्वरीच्या बाजारात पापलेट घेताना आपण काय पाहतो? कोळीण कल्ला उचलून लाल रंग दाखवते, आपण बोटाने मांस दाबतो, नाक पुढे करतो. गोठवलेल्या पाकिटापुढे ही सगळी विद्या फुकट जाते. डोके-कल्ले आधीच काढलेले, मांस दगडासारखे, वास शून्य. म्हणजे मासा गोठण्याआधीचे तास कसे गेले, यावरच भिस्त. हे पुस्तक त्या तासांबद्दल आणि त्यांत मदत करू शकणाऱ्या जीवाणूंबद्दल आहे.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. फ्रीझरमध्ये सगळे जंतू मरतात असे नाही. उणे १८ अंशांना त्यांची वाढ थांबते, काही दगावतात, उरलेले वाट पाहत बसतात. शिवाय चरबी खवट होणे आणि प्रथिनांचा पोत बिघडणे थंडीतही संथपणे चालू असते. बांगड्यात, सुरमईत आधीच हिस्टामिन हे त्रासदायक द्रव्य तयार झाले असेल, तर ते गोठवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही.

मग उपकारक जीवाणू इथे करणार काय? गोठलेल्या माशात जवळपास काहीच नाही, हे उत्तर काही जणांना निराश करेल. पण त्यांची पाळी गोठवण्याआधी आणि बर्फ सुटल्यावर येते. सकाळी ओट्यावर काढून ठेवलेले पाकीट संध्याकाळी कढईत जाईपर्यंत त्यात काय काय जागे होते, याचा विचार करा! तिथे आधीच जागा अडवून बसलेले लॅक्टिक आम्लाचे जीवाणू, म्हणजे आपल्या विरजणाचे नातेवाईक, उपयोगी पडू शकतात. मासळीत साखर फार कमी, म्हणून ती दह्यासारखी आंबत नाही. त्यामुळे इथे आम्लापेक्षा अन्नाची पळवापळवी आणि जीवाणूंनी सोडलेली छोटी प्रथिने, म्हणजे बॅक्टेरिओसिन्स, जास्त कामाची ठरतात. त्यातले नायसिन सर्वांत परिचित. अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये चीजसाठी मान्यता मिळाली. फ्रिजच्या थंडीतही वाढणाऱ्या लिस्टेरियावर ते चालते, साल्मोनेलावर मात्र एकटे फारसे चालत नाही, कारण त्या जीवाणूला बाहेरचे जादा आवरण असते. आणि उपकारक म्हणवणाऱ्यांतही काही वाण टायरामिनसारखे त्रासदायक अमाइन बनवतात, तेव्हा वाण निवडणे हाच निम्मा धंदा. ‘नैसर्गिक’ या शब्दावर माझा विश्वास कमी आहे तो यामुळेच.

या विषयाचे एक घर आपल्या शेजारीच आहे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ मध्ये सुरू झाली, १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जोगेश्वरीहून रिक्षाने जाता येते. वाटेत कोळीवाडा लागला तर वाळत घातलेले बोंबील जरूर पाहावेत. फ्रीझर येण्याआधीचे मासळीचे संरक्षण तेच.

पहिले प्रकरण जीवाणूंवर नाही, बर्फावर आहे. मूळ मासाच खराब असेल तर कोणतेही विरजण त्याला वाचवणार नाही. बोंबलासाठी वेगळे प्रकरण लिहावे लागले. त्यात पाणीच इतके, की गोठवून वितळवल्यावर तो बोंबील राहतो का, याबद्दल अजून वाद आहे.