रेडिओवर भरलेली शाळा

सप्टेंबर १९३७. अमेरिकेतल्या शिकागो शहरात पोलिओची साथ होती. लस नव्हतीच (साल्क यांची लस आली १९५५ मध्ये). मुलांना एकत्र येऊ न देणे एवढेच हाती होते. शाळा उघडल्या नाहीत. तिसरी ते आठवीच्या ३ लाखांहून अधिक मुलांसाठी रेडिओवरून १५-१५ मिनिटांचे पाठ सुरू झाले. वेळापत्रक व प्रश्न वर्तमानपत्रांत छापून येत. शंका विचारायला दूरध्वनी होता. आम्हाला यात वर्तमानपत्राचे मोल अधिक वाटते. बोललेले विरून जाते, छापलेला प्रश्न समोर राहतो. पण ज्या घरी रेडिओच नव्हता, किंवा असूनही नुसती खरखर ऐकू येई, तिथल्या मुलाचे काय? आणि पाठ भरभर पुढे गेला, तर त्याला थांबवायचे कसे? मुलांच्या चेहऱ्यावरचे न कळणे बोलणाऱ्या शिक्षकाला दिसत नव्हते.