४,२९,४९,६७,२९७ : फेर्माचा अंदाज खोटा ठरविणारी संख्या

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव ही संख्या २ च्या ३२व्या घातात १ मिळविल्यास येते. गणितात ती ‘पाचवी फेर्मा संख्या’ म्हणून ओळखली जाते. काही उदाहरणे जुळली म्हणजे नियम सिद्ध होत नाही, याचा हा प्रसिद्ध दाखला आहे.

फेर्माचा अंदाज

फ्रान्समधील तुलूझचा कायदेपंडित व गणिती पिएर द फेर्मा याने १६४० मध्ये एक मत मांडले. २ चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करीत जावे व प्रत्येक उत्तरात १ मिळवावा. येणारी प्रत्येक संख्या मूळ असते, म्हणजे १ व ती स्वतः यांखेरीज तिला विभाजक नसतो, असे त्याला वाटत होते. पहिल्या पाच संख्या ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ खरोखरच मूळ आहेत. क्रमांक शून्यापासून धरतात, म्हणून सहाव्या संख्येस ‘पाचवी’ म्हणतात. सिद्धता आपल्याजवळ नाही, हे फेर्माने मान्य केले होते.

ऑयलरचे उत्तर

क्रिस्तियान गोल्डबाख याने १७२९ मध्ये पत्राद्वारे या प्रश्नाकडे लेओनार्ड ऑयलरचे लक्ष वेधले. १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे ऑयलरने दाखवून दिले, की ही संख्या ६४१ × ६७,००,४१७ इतकी आहे. हे दोन्ही अवयव मूळ आहेत. या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकास ६४ ने भागल्यास बाकी १ उरते, हे त्याने पुढे सिद्ध केले. त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ हे चार वगळताच पाचवा उमेदवार ६४१ हाती लागतो.

पडताळा

लांबलचक भागाकार न करताही खात्री पटते. ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, अर्थात ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. या बेरजेला २ च्या २८व्या घाताने गुणल्यास ६४० चा चौथा घात अधिक २ चा ३२वा घात मिळतो. ही बेरीज अर्थातच ६४१ च्या पटीत आहे. ६४० च्या वर्गातून १ वजा केल्यास ६३९ × ६४१ उरतात, म्हणून ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा करून येणारी संख्याही ६४१ च्या पटीत असते. ती आधीच्या बेरजेतून वजा केली, की आपली संख्याच शिल्लक राहते.

अन्य विशेष

ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात दोन प्रकारे मांडता येते : ६५,५३६ व १ यांचे वर्ग, तसेच ६२,२६४ व २०,४४९ यांचे वर्ग. मूळ संख्येच्या बाबतीत असे घडू शकत नाही.

तिच्याहून दोनने लहान असलेली ४,२९,४९,६७,२९५ ही संख्या वरील पाचही मूळ संख्यांचा गुणाकार आहे. पट्टी व कंपास यांनी रचता येणाऱ्या सुसम बहुभुजांपैकी, बाजूंची संख्या विषम असलेला ज्ञात असा सर्वांत मोठा बहुभुज तितक्याच बाजूंचा आहे. या रचनांचे सूत्र गाऊसने १८०१ मध्ये प्रसिद्ध केले. एकने लहान असलेली ४,२९,४९,६७,२९६ ही संख्या इंटरनेटच्या जुन्या ३२-बिट पत्तापद्धतीतील एकूण पत्त्यांची आहे.

पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतची एकही फेर्मा संख्या मूळ नाही, हे सिद्ध झाले आहे. त्यापुढे एखादी मूळ फेर्मा संख्या आहे की नाही, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.