गवतात लपलेला पाइन

आजची गोष्ट अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लाँगलीफ पाइनची. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत एकेकाळी सुमारे ९ कोटी एकरांवर हे जंगल होतं. विसाव्या शतकाच्या अखेरीस उरलं जेमतेम ३० लाख एकर. लाकूडतोड तर झालीच. पण तोडलेलं जंगल परत का उगवलं नाही?

या झाडाचं बालपण जरा विचित्र आहे. रोप उगवतं आणि पुढची काही वर्षं गवताच्या झुबक्यासारखं जमिनीलगत बसून राहतं. उंची वाढतच नाही, सगळी ताकद खाली सोटमुळात जाते. तेवढ्यात शेजारच्या झुडपांनी, ओकच्या रोपांनी डोक्यावर सावली धरली की संपलं. मग हे तण काढायचं कोणी? आगीने! जमिनीलगतची हलकी आग झुडपं जाळते, पानांवर तपकिरी ठिपके पाडणारी बुरशीही आटोक्यात ठेवते. पाइनचा कोंब मात्र लांब हिरव्या पानांच्या दाट गुंडाळीत वाचतो.

तिथले मूळ रहिवासी आणि नंतरचे गुरं पाळणारे शेतकरी जंगल वरचेवर जाळायचे. शेतकऱ्यांना हवा असायचा कोवळा चारा. वनाधिकाऱ्यांना हा निव्वळ अडाणीपणा वाटला. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं बरं का. पहिल्या वर्षाचं रोप आगीत सहज मरतं, आणि तोडीनंतर पडलेल्या फांद्या पेटल्या की आग आवरत नाही.

येल विद्यापीठाचे हर्मन चॅपमन यांनी लुइझियानात अभ्यास करून १९२६ मध्येच छापलं होतं, की आग पूर्ण थांबवली तर लाँगलीफ टिकणार नाही. ऐकतो कोण! १९२८ पासून ‘डिक्सी क्रुसेडर्स’ नावाची तरुण मंडळी ट्रकमध्ये सिनेमाचं यंत्र घालून गावोगाव फिरली, आग लावू नका म्हणून सांगत. पुढे तर लोक जंगल का जाळतात हे शोधायला चक्क एका मानसशास्त्रज्ञाला पाठवलं. जॉन शे त्यांचं नाव. लोक सांगत होते, साप कमी होतात, गोचिड्या मरतात. १९४० च्या लेखात शे यांनी मात्र कारण दिलं कंटाळवाण्या आयुष्याचं, आगीत मिळणाऱ्या करमणुकीचं. मला तरी हे वाचून त्या शेतकऱ्यांचीच बाजू घ्यावीशी वाटते.

१९४३ मध्ये वनखात्याने अखेर लाँगलीफच्या राष्ट्रीय वनांत ठरवून आग लावायला परवानगी दिली. नाव पडलं ‘प्रिस्क्राइब्ड बर्निंग’, म्हणजे डॉक्टरने औषध लिहून द्यावं तशी आग. वारा किती, हवेत दमटपणा किती, हे आधी कागदावर लिहायचं आणि मग काडी ओढायची.